२८ मिमीचे सैनिक आणि गावकुसाची भिंत: ओतायला काय वापरावं?

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अंमळनेरचे. चौघे मित्र मिळून असईची लढाई (१८०३, मराठे विरुद्ध इंग्रज) टेबलावर खेळणार आहात. २८ मिमी मापाचे तीनेकशे सैनिक, तोफा, गावाची मातीची भिंत, धाब्याची घरं, नदीकाठचे दगड असं सगळं स्वतःच ओतायचं ठरवलंय. पहिला हात फायबरच्या दुकानातून आणलेल्या पॉलिस्टर रेझिनवर मारलात. संगिनी साच्यातून काढतानाच मोडल्या, तुकड्यांची उघडी बाजू आठवडाभर चिकट राहिली, आणि गच्चीवरच्या खोलीत ओतलेला घराचा ठोकळा तडकला. आता विचारताय, "सगळ्याला चालेल असं एकच चांगलं मटेरियल कोणतं?"

एकच मटेरियल हा हट्ट सोडलात की निम्मं काम सोपं होईल. मी जळगावात दातांची लॅब चालवतो. कवळ्या, कॅप, ब्रिज हे पोटापाण्याचं. सैनिक आणि किल्ल्यांची मॉडेलं रात्रीच्या जेवणानंतरची. दोन्ही कामं एकाच जातीची: साचा घ्यायचा, त्यात काहीतरी ओतायचं आणि ते न मोडता बाहेर काढायचं. लॅबमध्ये एकाच पेशंटचं मॉडेल स्टोनमध्ये (दातांच्या कामाचं कडक प्लास्टर) होतं, कॅप धातूत, कवळी अ‍ॅक्रिलिकमध्ये. हे सगळं एकातच करा असं कोणी म्हणत नाही.

मी आधी तुकडा बघतो. त्याचा सगळ्यात बारीक भाग किती जाड आहे, खेळताना तो कोणाच्या बोटांत येणार, आणि असे नग किती हवेत. एवढं कळलं की मटेरियलची यादी दोन-तीन नावांवर येते. उरलेला निर्णय साचा कशाचा आहे आणि महिना कोणता चालू आहे यावर. महिन्याचं गमतीने म्हणत नाही, खान्देशात तो मोठा मुद्दा आहे. त्याकडे नंतर येतो.

संगिनीपासून सुरुवात करू, कारण तुमचं घोडं तिथेच अडलंय. १८०३च्या बंदुकीची संगीन पात्याला साधारण इंचभर रुंद. २८ मिमीचे सैनिक ढोबळमानाने १:५६ प्रमाणात धरले तर ती रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली जाते. इतकं बारीक कोणी घडवत नाही, म्हणून मूर्तिकार ती मुद्दाम दुप्पट जाड करतो. तरीही हातात येतो तो पाऊण-एक मिलिमीटर जाड आणि सात-आठ मिलिमीटर लांब असा काटा. सैनिक उचलताना, डब्यात ठेवताना, शेजाऱ्याची बाही लागताना धक्का बसतो तो यालाच. इथे मटेरियल वाकणारं हवं. पॉलिस्टर वाकत नाही, तुटतं.

यात पॉलिस्टरचा दोष नाही. फायबरवाल्याच्या कामात ताण घेते ती काचेची चटई. रेझिन तिला फक्त धरून ठेवतं. तुम्ही चटई काढून टाकली आणि नुसतं रेझिन संगिनीत ओतलं. चिकटपणाचंही कारण साधं आहे: हवेतला ऑक्सिजन पॉलिस्टरचा पृष्ठभाग नीट पिकू देत नाही, त्यामुळे साच्याला टेकलेली बाजू कडक आणि उघडी बाजू चिकट. ओतल्याबरोबर वरून ओव्हरहेड प्रोजेक्टरची शीट झाकली तर ते बरंच कमी होतं. ठोकळा तडकला तो उष्णतेने. पॉलिस्टर जमताना आकारमानाने पाच ते आठ टक्के आकसतं, आणि जाड ओतलं तर आतून तापतं. बाहेरची कड जमलेली, आतला भाग अजून आकसतोय, मग तडा जाणारच. त्यात मे महिना. आणि एक ताकीद, दुकानदार कधी देतात कधी देत नाहीत: कोबाल्ट (रेझिन लवकर जमावं म्हणून घालतात ते) आणि एमईकेपी हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर टाकायचा. दोन्ही थेट भेटले तर भडका उडतो, स्फोटही होतो.

आता सैनिकांसाठी खरे उमेदवार दोनच: धातू आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रेझिन.

धातूचं मला अजूनही वेड आहे. हातात वजन लागतं, संगीन वाकली तर बोटाने सरळ करता येते, आणि बिघडलेला नग वितळवून पुन्हा ओतता येतो. शेवटचा फायदा नवशिक्याला फार मोठा. रेझिनमध्ये फसलेला प्रत्येक नग कचऱ्यात जातो. जुने लोक शिसं-कथलाचे मिश्रधातू वापरत. आता चांगले बनवणारे शिसं टाळतात आणि नव्वद टक्क्यांच्या वर कथील, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं असं मिश्रण घेतात. अँटिमनीने कथलाला कडकपणा येतो आणि ते साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरतं. कथील २३२ अंशांना वितळतं, पण हे मिश्रण पूर्ण पातळ व्हायला तीनशेच्या जवळ जावं लागतं. म्हणून साचा साध्या सिलिकॉनचा चालत नाही. उष्णता सोसणारं आरटीव्ही रबर (खोलीच्या तापमानाला जमणारं खास सिलिकॉन) घ्यावं लागतं, आणि तेही हळूहळू जळत जातं.

सोल्डरची कांडी वितळवून ओतू का, असं बरेच जण विचारतात. ६३-३७चं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, ओतायला सोपं, सैनिकही छान निघतात. पण त्यात एक तृतीयांशाहून जास्त शिसं असतं. शिशाचा मुख्य धोका हातावाटे तोंडात जाणाऱ्या कणांचा आणि वर येणाऱ्या मळीचा. घरात लहान मुलं असतील, आणि सैनिक हाताळणारे चौघे मधेच शेवचिवडा खाणार असतील, तर नको. शुद्ध कथील बाजारात किलोला काही हजारांना जातं. शिसं त्यामानाने किरकोळ. तरीही हिशोब करून बघा. एक पायदळी सैनिक धातूत साधारण १५ ते २० ग्रॅम. तीनशे सैनिक म्हणजे साडेचार ते सहा किलो. मोठी रक्कम आहे, म्हणून सगळं सैन्य धातूत करू नका असंच सांगेन. धातू वितळवताना साचा आणि कांडी पूर्ण कोरडी हवी. पाण्याचा एक थेंब तीनशे अंशांच्या धातूखाली सापडला की वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. चष्मा, बूट, सुती कपडे. नायलॉन अंगावर नको.

धातूची आणखी एक खोड. सिलिकॉनच्या साच्यात तो आपसूक बारीक कोपऱ्यात शिरत नाही. साच्यात टाल्कम पावडर ब्रशने अगदी पातळ फिरवून फुंकर मारून उडवायची; तिच्या कणांमधून हवा निघून जाते आणि धातू पुढे सरकतो. संगिनीच्या टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत ब्लेडने केसाएवढी चीर पाडायची, तीही हवेची वाट. साचा थंड असेल तर पहिले दोन-तीन नग अर्धवटच येतात, ते परत भांड्यात टाकायचे.

पीयूकडे वळू. तुमच्या तीनशेपैकी बहुतेक सैनिक यातच व्हावेत. दोन बाटल्या, समप्रमाणात किंवा पुरवठादार सांगेल तसं वजनाने मोजायचं, दोन-तीन मिनिटांत ओतायचं, अर्ध्या तासात नग बाहेर. आकसणं नगण्य, बारकावा उत्तम, आणि पातळ भाग थोडा वाकतो. काढताना वाकडी झालेली बंदूक कडक गरम पाण्यात बुडवून सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात धरायची, तशीच राहते. हाच गुण उलटाही येतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले पीयूचे भाले मान टाकतात.

पीयूचा शत्रू ओल. त्यातला एक भाग आयसोसायनेट असतो. पाण्याशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. ओल थोडी असेल तर नगात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, जास्त असेल तर कपातच फेस. कागदी कप आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्या वापरल्या की हे हमखास होतं, कारण दोन्ही हवेतली ओल धरून ठेवतात. प्लास्टिकचा कप, स्टीलचा चमचा. आता खास आपल्याकडची गोष्ट: कूलर. एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते, आपण खूश होतो, आणि गरम होतं म्हणून कूलर लावून त्याच्यासमोर पीयू ओततो. कूलर खोलीत पाण्याची वाफच फेकत असतो. ओतायच्या तासभर आधी कूलर बंद करा. फ्रिजमधली बाटली बाहेर काढून लगेच उघडू नका. थंड बाटलीच्या तोंडावर दव धरतं.

याच आयसोसायनेटमुळे दम्याचा त्रास असलेल्याने पीयूपासून लांब राहावं. एकदा अंग त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. नायट्राइलचे हातमोजे, उघड्या खिडक्या आणि कार्बन फिल्टरचा मास्क. कापडी मास्क वाफेला अडवत नाही. नग घासताना पाण्यासोबत घासा, धूळ कमी उडते.

आता संगिनीचं टोक. पीयू घट्ट असेल तर टोकात हवा अडकते आणि संगीन आखूड निघते. साच्याचे दोन भाग बंद करण्याआधी जुन्या ब्रशने दोन्ही अर्ध्यांतल्या संगिनीच्या खाचेत रेझिनचा एकेक थेंब ओढून घ्यायचा, मग साचा मिटवून रबर बँड लावायचे आणि ओतायचं. हवा टोकात अडकते कारण ती जागा खाली तोंड करून बंद पडलेली असते; ती आधीच भरलेली असेल तर प्रश्नच मिटला. प्रेशर पॉट (साचा दाबाखाली ठेवायची बंद टाकी) असेल तर आणखी छान. ४० पीएसआयच्या आसपास दाबाखाली जमलेल्या नगात बुडबुडे दिसेनासे होतात. पण मग साचाही त्याच दाबाखाली जमवलेला हवा, नाहीतर रबरातले बुडबुडे दबून नगावर फोडासारखे गोळे उठतात. रंगाच्या कामाची प्रेशर टाकी यासाठी चालते, ठरलेल्या दाबाच्या आत आणि सेफ्टी व्हॉल्व्ह शाबूत ठेवून. घरचा कुकर मात्र चुकूनही नको. त्याची शिट्टी साधारण १५ पीएसआयला वाफ सोडण्यासाठी आहे. ती बंद करून कंप्रेसर जोडण्याचे व्हिडिओ पाहिलेत, काटा येतो अंगावर.

आणि सगळं ओतायलाच हवं असं कुठे आहे? मराठा स्वारांचे भाले मी ओततच नाही. मुठीची जागा भरीव ठेवून घडवतो, नग निघाल्यावर हातड्रिलने छिद्र पाडतो आणि स्टीलची तार बसवतो. टोक पकडीने चपटं करायचं आणि घासून बोथट करायचं. हा भाला मोडायचा नाही. संगिनींसाठीही तुम्हाला हीच युक्ती करता येईल, पण तीनशे छिद्रं पाडायचा कंटाळा येणार. त्यापेक्षा सैनिकाची ढब बदला. बंदूक हातभर पुढे रोखलेली नको, खांद्याला आणि टोपीला टेकलेली घ्या. संगिनीचं मूळ टोपीला चिकटलं की साचाही सोपा होतो आणि मोडतोडही थांबते. इंग्रजांची ७८वी हायलँडर पलटण चालून जातेय की खांद्याला बंदूक लावून उभी आहे, हे टेबलापलीकडच्या माणसाला दिसत नाही.

इपॉक्सीबद्दल एवढंच सांगतो. रेझिन आर्टवाल्यांमुळे ती आता सहज मिळते, नग चिवट होतात, आकसतही नाहीत. पण साचा दिवसभर अडकून पडतो. पाच सैनिकांचा एक साचा आणि रोज एक ओत धरलीत तर तीनशेला साठ दिवस. तोफेची चाकं, बैलगाडी अशा मोजक्या नाजूक तुकड्यांना ठीक.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: सैनिक पीयूत, सेनापती आणि हातात मिरवायचे मोजके नग धातूत, भाले तारेचे, पॉलिस्टर बंद. आता भिंती.

भिंत, दगड, घर, पायऱ्या यांसाठी रेझिन म्हणजे पैशाची नासाडी. इथे जिप्समसारखं दुसरं काही नाही, आणि हा माझा रोजचा विषय असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पीओपी, डेंटल प्लास्टर, डेंटल स्टोन, डाय स्टोन ही सगळी एकाच घरातली भावंडं. रसायन तेच, जिप्सममधलं तीन चतुर्थांश पाणी उडवलेलं कॅल्शियम सल्फेट. फरक कणांच्या आकारात. पीओपीचे कण खडबडीत, सच्छिद्र, त्यामुळे कालवायला पाणी खूप लागतं. स्टोनचे कण भरीव आणि नेटके, थोड्या पाण्यात कालवले जातात. १०० ग्रॅम पावडरीला जमण्यासाठी खरं पाणी साडेअठरा मिलिलिटरच्या आसपासच लागतं. बाकी तुम्ही जे घालता ते फक्त ओतता यावं म्हणून. नंतर ते उडून जातं आणि मागे भोकं ठेवतं. बांधकामाच्या पीओपीला ६०-७० मिलिलिटर लागतं, डेंटल स्टोनला ३०च्या आसपास, डाय स्टोनला २२ ते २४. दातांच्या जिप्समसाठीच्या मानकात तासाभरानंतरची किमान ताकद प्लास्टरला ९ मेगापास्कल, स्टोनला २०, उच्च ताकदीच्या डाय स्टोनला ३५ धरली आहे. चौपट ताकद, आणि त्यामागे मुख्य कारण पाणी.

त्यामुळे "स्टोन घट्ट वाटला म्हणून अजून थोडं पाणी घातलं" हे वाक्य ऐकलं की मी हात जोडतो. तुम्ही महागडी पिशवी आणून तिचं पीओपी करून टाकलंत. वजनाने मोजा. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत नाही. अर्धा मिनिट भिजू द्या, मग कपाच्या भिंतीला दाबत ढवळा, फेटू नका. आमच्याकडे व्हायब्रेटर असतो. तुम्ही साचा जाड पुठ्ठ्यावर ठेवून खालून बोटांनी टकटक करा. आधी ब्रशने सगळ्या खाचांत पातळ थर, मग एका कोपऱ्यातून धार सोडायची आणि मिश्रण स्वतःहून पुढे सरकू द्यायचं. भिंतीच्या विटांवरची भोकं तिथेच संपतात.

स्टोन डेंटल डेपोत मिळतो. जळगाव, धुळ्यात अडचण नाही. पिवळा घ्या. डाय स्टोनची गरज फक्त खिडकीच्या जाळीसारख्या बारीक कामाला. मोठ्या दगडांना आणि टेकड्यांना साधं पीओपीच चालतं, तिथे ताकद कोणाला हवीय? असईच्या गावाची मातीची भिंत तर थोडी ढासळलेलीच हवी. कोपरा उडाला तर रंग लावून पुढे जा. धाब्याच्या घरांना मात्र पूर्ण भरीव ठोकळा करू नका, डबा उचलवणार नाही. थर्माकोलचा गाभा ठेवून चार भिंती आणि धाबं वेगळे पातळ ओता आणि फेविकॉलने जोडा. शेवटी फेविकॉल पाण्यात पातळ करून एक हात फिरवला की कडा भुरभुरत नाहीत आणि रंगही शोषला जात नाही. थर्माकोलवर चुकूनही पॉलिस्टर लावू नका, त्यातल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो.

सुकवणं आपल्याकडे फुकट आहे, पण सावलीत. तापलेल्या पत्र्यावर ठेवलेला स्टोन ६० अंशांच्या वर सहज जातो, आणि जिप्सममधलं बांधलेलं पाणी सुटायला लागून कडा भुसभुशीत होतात. ४५ अंशांच्या आत ठेवायचं. म्हणजे मे महिन्यात घराच्या सावलीतलं तापमानच पुरेसं आहे, उन्हाची गरज नाही. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी आधी फार लवकर जमते आणि पुढे धड जमतच नाही. हवाबंद डब्यात ठेवा.

साच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मटेरियलच्या निम्म्या तक्रारी खरं तर साच्याच्या असतात. सिलिकॉनचे दोन प्रकार. एक कथलाच्या कॅटॅलिस्टवर जमणारा, स्वस्त, भांडकुदळ नाही. दुसरा प्लॅटिनमवर जमणारा, आकसत नाही, वर्षानुवर्षं टिकतो, पण सोवळ्यातला. गंधक असलेली प्लास्टिसिन, लॅटेक्स, नीट न पिकलेलं थ्रीडी प्रिंट, यांचा स्पर्श झाला की तिथे तो जमतच नाही, चिकट लगदा राहतो. तुमचे मूळ नमुने प्रिंट करून घेणार असाल तर कथलाचा प्रकार घ्या. त्याचे साचे काही वर्षांत कडक होऊन फाटतात, थोडे आकसतातही. तुमच्या कामाला चालेल. पीयूसाठी असा एक साचा साधारण पंचवीस ते चाळीस ओती देतो, मग खाचा खडबडीत होऊ लागतात. पाच सैनिकांचा साचा, साठ ओती, म्हणजे एका नमुन्यासाठी दोन-तीन साचे धरून चला. मूळ नमुना जपून ठेवा. नगावरून पुन्हा साचा, त्या साच्यातल्या नगावरून पुन्हा साचा असं करत गेलात तर दर पिढीला सैनिक किंचित लहान आणि बोथट होतो. जिप्सम साच्याला काही करत नाही, भिंतींचा साचा कितीतरी जास्त चालेल. मोठ्या दगडांच्या साच्यांना लॅटेक्सचे ब्रशने दिलेले थर पुरतात, फक्त त्यात रेझिन ओतायचं नाही.

आता महिना. रसायनातला ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की क्रिया दुप्पट वेगाने होते. डब्यावर २५ अंशांना तीन मिनिटं लिहिली असतील तर ४५ अंशांना पाऊण मिनिट उरतं. जळगाव-भुसावळला ४५ अंश म्हणजे बातमीही नाही. त्यामुळे उन्हाळा मी जिप्समला देतो, पीयू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत पहाटे उलट अडचण, रेझिन घट्ट होतं. बाटल्या कोमट पाण्यात, झाकण घट्ट लावून, थोडा वेळ ठेवल्या की पुरे. पावसाळ्यात नवे नमुने घडवा, साचे करा, रंगकाम करा. उन्हाळ्यात पीयू ओतणं अगदीच भाग असेल तर पहाटे पाचला, कमी कमी मात्रेत.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण कोणीतरी विचारणारच: जळगावच्या एमआयडीसीत एवढं प्लास्टिक आहे, तिथून करून घेऊ का? पाइप आणि चटईच्या नळ्या एकसारख्या छेदाच्या लांब वस्तू म्हणून मशीनमधून सतत बाहेर ढकलल्या जातात. त्या यंत्रात सैनिक होत नाही. ड्रिपची फिटिंग्ज इंजेक्शन मोल्डिंगने होतात, तिथे होईल, पण स्टीलची डाय (साचा) लाखांत जाते. हजारो नग विकायचे असतील तर तो हिशोब बसतो, तीनशेला नाही.

थ्रीडी प्रिंटरवाले म्हणतील, ओतायचंच कशाला? रास्त आहे. वीस वेगवेगळे सैनिक हवे असतील तर प्रिंटच करा. एकाच ढबीचे साठ हवे असतील तर ओतकाम स्वस्त आणि वेगवान पडतं. मात्र कोणाच्या विकत घेतलेल्या सैनिकावरून साचा घेऊ नका, ग्रुपपुरतासुद्धा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती आहे. फाइल विकत घेताना त्यावरून साचा करायला परवानगी आहे का, ते वाचून घ्या; बऱ्याचदा फक्त प्रिंटची असते.

सुरुवात कशी करायची ते सांगतो. आता जिप्सम आणा. असईजवळच्या केळणा आणि जुई नद्यांच्या काठचे दगड, गावाची भिंत, दोन घरं एवढं उरका. त्यात हात बसेल आणि पैसे फार जाणार नाहीत. दिवाळीनंतर पीयूची सगळ्यात लहान पॅकिंग आणि एक किलो कथलाचं सिलिकॉन घ्या. पहिल्या साच्यात एकच सैनिक, बंदूक खांद्याला टेकलेली. त्याचे दहा नग चांगले निघाले की मग पाच-पाचचे साचे. धातूचं नंतर बघू. साच्याचे दोन्ही भाग उघडून उजेडात फोटो टाका, हवेची चीर कुठे हवी ते खूण करून देतो.